दिव्याची काच तडकली, आता काय?

मे महिना संपत आला की हा प्रश्न हमखास येतो, फक्त शब्द बदलतात. ‘मागच्या दिव्याची काच तडकलीय. गॅरेजवाला म्हणतो अख्खा दिवा बदला. खरंच गरज आहे का?’ ‘हेडलाइटच्या कोपऱ्यात केसासारखी रेघ आलीय, ती वाढत जाईल का?’ ‘गाडीला पुढच्या वर्षी १५ वर्षं होतील, लाल टेप मारून पासिंग होईल का?’ विचारणाऱ्यांच्या गाड्या बहुधा १० ते १८ वर्षांच्या असतात. म्हणजे अशा, की एक मोठं बिल हातात पडलं तर माणूस गाडी विकूनच टाकावी म्हणतो. दिव्याचं निमित्त असतं. विचारायचं असतं ते हेच, की या गाडीवर आता किती पैसे घालायचे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. तडा किती लांब आहे यावर काही ठरवू नका. त्यातून आत काय जातं आणि बाहेर काय पडतं, एवढंच पाहा. आत पाणी जात नसेल आणि बाहेर भलत्या रंगाचा उजेड पडत नसेल, तर तो तडा गाडीच्या वयाला शोभतो असं समजा आणि विसरून जा. यांतली एक जरी गोष्ट होत असेल, तर मात्र पहिल्या पावसाआधी हात घाला.

ही ‘काच’ कसली आहे?

आपण तिला काच म्हणतो, दुकानदारही काचच म्हणतो. पण गेल्या २०-२५ वर्षांतल्या गाड्यांच्या दिव्यांवर काच जवळपास उरलेलीच नाही. नखाने टिचकी मारून पाहा. काच खणकन वाजते, प्लास्टिक बद्द वाजतं. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

- खरी काच. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसडर, जुन्या जीप यांचे गोल हेडलाइट. या काचेवरच्या उभ्या-आडव्या पन्हळी झोताला आकार देतात, त्यामुळे तडा गेला की झोतही विस्कटतो. चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका. सात इंची गोल दिवा आजही सहज मिळतो, बदलून टाका.
- पॉलिकार्बोनेट. नव्वदच्या दशकानंतर हळूहळू सगळ्या हेडलाइटांवर हेच आलं. धक्का चांगला सोसतं, पण ओरखडे लगेच पडतात आणि उन्हाने पिवळं होतं. त्यासाठी कारखान्यातच त्यावर एक संरक्षक थर दिलेला असतो. तो गेला की पिवळेपणा सुरू.
- ॲक्रिलिक. मागचे लाल-नारिंगी दिवे बहुतेक याचे. वर्षानुवर्षं उन्हात राहूनही रंग टिकवतं, पण ठिसूळ असतं. पार्किंगमध्ये मागून स्कूटरचं हँडल जरी लागलं, तरी कोपऱ्याचा टवका उडतो.

पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर ही दोन्ही प्लास्टिकची वैरी आहेत. जुना डाग किंवा गोंद काढायला चिंधी पेट्रोलमध्ये बुडवून घासली, की त्या दिवशी सगळं चकाचक दिसतं. आठवड्याभरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उमटतात. साचातून निघताना प्लास्टिकमध्ये जो ताण अडकलेला असतो, तो अशा द्रावणाने मोकळा होतो आणि नवे तडे पडतात. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं, बस्स.

अंधार पडल्यावरची दहा मिनिटं

दिवसा तडा मोठा वाटतो आणि रात्री खरा दोष कळतो. म्हणून तपासणी संध्याकाळनंतर करा. सोबत एक माणूस घ्या, घरातलं कोणीही चालेल.

१. सोबतच्याला आत बसवून पार्किंग लाइट, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर आणि रिव्हर्स असं एकेक लावायला सांगा. तुम्ही दहा-बारा पावलं मागे उभे राहा. लाल दिव्यात पांढरा ठिपका दिसतो का? दिसला, तर बल्बचा उजेड तड्यातून थेट बाहेर येतोय.

२. सगळे दिवे बंद करा. टॉर्च डोळ्यांच्या शेजारी धरून मागच्या दिव्यावर मारा. लाल चौकोन लखलखला पाहिजे.

३. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून दिव्याच्या आत पाहा. धुकं आहे, थेंब आहेत की तळाशी पाणी साचलंय?

४. दिवा हाताने हलवा. खटखट वाजत असेल तर काचेपेक्षा त्याचा कान तुटलेला असण्याची शक्यता जास्त. कान म्हणजे स्क्रू बसतो तो प्लास्टिकचा पाख.

५. बल्ब काढून होल्डर पाहा. पितळी भागावर हिरवट पावडर धरली असेल, तर पाणी बऱ्याच दिवसांपासून जातंय.

दुसरी चाचणी बहुतेक जण करत नाहीत, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त सांगतो. मागच्या दिव्यात एक भाग रिफ्लेक्टरचा असतो. त्याला ना बल्ब लागतो ना वायर. समोरून आलेला उजेड तो आल्या वाटेने परत पाठवतो. घाटात गाडी बंद पडली, बॅटरी उतरली, तर मागून येणाऱ्या ट्रकला तुमची गाडी दिसते ती या तुकड्यामुळे. त्याच्या आतल्या बाजूला शेकडो बारीक कोन कोरलेले असतात आणि त्या कोनांमागे हवा असली तरच उजेड परत फिरतो. तड्यातून तिथे पाणी किंवा चिखल शिरला, की तेवढा भाग आंधळा होतो. बाहेरून दिवा लालच दिसतो आणि बल्बही लागतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. तडा नेमका या चौकोनातून जात असेल, तर तो इंचभराचा असला तरी मी त्याला मोठाच म्हणेन.

धुक्याबद्दलही एक खुलासा. पावसाळ्यात सकाळी चांगल्या, अखंड दिव्यातही आतून हलकं धुकं धरतं. दिव्याला हवा खेळण्यासाठी मागे बारीक छिद्रं किंवा रबरी नळ्या दिलेल्या असतात, त्यातून दमट हवा आत येते. हेडलाइट लावून थोडं अंतर गेल्यावर ते निघून जात असेल तर दुरुस्ती नको. थेंब ओघळत असतील किंवा पाणी हिंदकळत असेल, तर ते बाहेरून आलेलं आहे.

सोडून द्यायचं, दुरुस्त करायचं की बदलायचं?

*सोडून द्या*, जर रेघ वरवरची असेल, नखाला लागत नसेल आणि आत थेंब नसेल. तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दोन महिन्यांनी पुन्हा काढा आणि ताडून पाहा. वाढली असेल तर पुढचं वाचा.

*दुरुस्त करा*, जर तडा मागच्या दिव्याला असेल, आतला चंदेरी मुलामा शाबूत असेल आणि उडालेला टवका तुमच्याकडे असेल किंवा भोक बोटाच्या पेरापेक्षा लहान असेल. नुसता कान तुटला असेल तरी दिवा बदलायची घाई करू नका. बंपर दुरुस्त करणारा कारागीर गरम इस्त्रीने प्लास्टिक वितळवून कान पुन्हा उभा करतो. काही हेडलाइटांसाठी स्क्रूने बसवायचे तयार कानही सुटे मिळतात.

*बदला*, जर आतला चंदेरी मुलामा काळवंडला किंवा सोलला असेल. तो ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो आणि घरी परत चढवता येत नाही. मुलामा गेला की नवा बल्ब घालूनही उजेड येत नाही. मग काच जोडण्यात कष्ट कशाला घालवायचे? हेडलाइट आरपार फुटला असेल तरी बदलाच.

घरी दुरुस्ती करायची तर

दिवा गाडीवरून काढून घ्या. बहुतेक हॅचबॅकना डिकीचं दार उघडलं की दोन स्क्रू किंवा नट दिसतात, बाजूला एक-दोन क्लिपा असतात. कनेक्टर काढताना वायर ओढू नका, प्लग धरा. दिवा साबणाच्या पाण्याने धुऊन, होल्डर काढून, भोकं खाली येतील असा एक दिवस पूर्ण वाळू द्या. घाई असेल तर हेअर ड्रायर कमी आचेवर, वीतभर लांबून. ओल राहिली तर जोड धरणार नाही. धरलाच तर आत धुकं कोंडून बसेल.

मग तड्याप्रमाणे उपाय:

- केसासारखी रेघ: प्लास्टिकसाठीचं पारदर्शक इपॉक्सी किंवा उन्हात कडक होणारं पारदर्शक रेझिन. बाहेरून पातळ हात द्या आणि तड्यात मुरू द्या. रेघ वाढू नये म्हणून तिच्या टोकाला बारीक ड्रिलने भोक पाडतात आणि ते रेझिनने भरतात. युक्ती जुनी आणि खरी आहे, पण ॲक्रिलिकवर ड्रिल दाबलं की रेघेचे दोन तडे होतात. हात बसलेला नसेल तर हे सोडा.
- टवका उडालाय, पण सापडलाय: तो जपून ठेवा, बाजारात तसा रंग मिळत नाही. जागेवर बसवा, बाहेरून टेपने धरा, फटीत इपॉक्सी सोडा आणि रात्रभर हलवू नका.
- टवका हरवलाय: दिव्यांच्या दुरुस्तीसाठी मिळणारी आरपार लाल किंवा नारिंगी टेप. कडा कोरड्या ठेवून, भोकाच्या चारही बाजूंना बोटभर जास्त लावा. ही मलमपट्टी आहे, दर सहा महिन्यांनी बदलावी लागते.

दिवा परत बसवण्याआधी त्यावर दोन मग पाणी ओता आणि आत टॉर्च मारून पाहा. गाडीवर बसवल्यावर गळती कळली, तर तेच काम पुन्हा. स्क्रू हाताला लागेल इतपतच आवळा. मागच्या दिव्यांचे कित्येक तडे अपघाताने पडलेले नसतात, आधीच्या मेकॅनिकने जोर लावून आवळलेल्या स्क्रूने पडलेले असतात.

हमखास होणाऱ्या चुका

पहिली चूक मी स्वतः केलेली आहे. इंडिकेटरच्या पारदर्शक काचेला तडा गेला होता, घरात झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब होती. पाच मिनिटांत काम फत्ते. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तड्याच्या दोन्ही बाजूंना काच आतून दुधाळ झालेली. त्या गोंदाची वाफ जवळच्या प्लास्टिकवर पांढरी बसते, आणि बंद दिव्यात ती जाणार कुठे? तो डाग शेवटपर्यंत गेला नाही.

बाकीच्या अशा:

- लाल *रिफ्लेक्टिव्ह* टेप लावणं. ती बाहेरचा उजेड परतवते, पण आतला अडवते. ब्रेक दाबल्याचं मागच्याला कळत नाही.
- लाल नेलपॉलिश किंवा पेंट. दोन पावसांत फिका पडतो आणि पांढरा ठिपका परत येतो. त्यातलं द्रावण प्लास्टिक खातं ते वेगळंच.
- व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन. कडक होताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि चंदेरी मुलामा, होल्डर गंजतात. दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागा.
- पाणी निघावं म्हणून तळाला भोक पाडणं. पाणी निघतं खरं, पण त्याच वाटेने धूळ येते. वरचा तडा बुजवल्याशिवाय हे करू नका. बुजवल्यावर गरजच पडत नाही.
- ॲक्रिलिकच्या पाट्या बनवणारे क्लोरोफॉर्मने जोड करतात, ते पाहून घरी आणणं. जोड उत्तम होतो, पण ते विषारी आहे. काम त्यांच्याकडूनच करून घ्या.

हेडलाइटचं काम वेगळं का?

पिवळेपणा आणि तडा यांची गल्लत इथे सर्वांत जास्त होते. पॉलिश करून पिवळेपणा जातो, तडा जात नाही. पॉलिशमध्ये वरचा खराब थर पाण्याच्या पॉलिश पेपरने उतरवतात, आधी ८००-१००० नंबर, मग २०००, मग ३०००. नंतर त्यावर ऊन अडवणारा पारदर्शक कोट मारावा लागतो. हा कोट न मारता ‘करून दिलेलं’ पॉलिश पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जेमतेम टिकतं. पैसे देण्याआधी कोट मारणार का, हे विचारा. टूथपेस्टचा उपाय फोटोपुरता. आणि बारीक रेघा आतल्या बाजूने असतील तर बाहेरून कितीही घासा, काही उपयोग नाही.

तडा लहान असेल आणि नवा दिवा यायला चार दिवस लागणार असतील, तर जाड पारदर्शक टेप लावून पाणी अडवा आणि रात्री गाडी कमीत कमी काढा. हेडलाइट उघडून नुसती काच बदलता येते का, असंही विचारतात. काही दिव्यांत काच मऊ, रबरासारख्या लांबीने बसवलेली असते आणि गरम केल्यावर सुटते. पुष्कळ दिवे कायमचे चिकटवलेले असतात आणि उघडताना त्यांची कड तुटते. हे काम रोज करणारा माणूस शोधा. ‘बघू, निघते का’ म्हणणाऱ्याला दिवा देऊ नका.

दिवा का तडकला, तेही शोधा. जुन्या गाड्यांत एच४ बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. जास्त उजेडासाठी कोणी १००/९० वॅटचा घालून ठेवला असेल, तर त्या उष्णतेने होल्डर वितळतो, प्लास्टिक मऊ पडतं, मुलामा करपतो. तोच बल्ब नव्या दिव्यात घातलात तर वर्षभरात पुन्हा हाच लेख वाचायला याल.

दोन्ही हेडलाइट एकदम बदलायची सक्ती नाही. एक नवा लख्ख आणि एक जुना पिवळट असेल, तर जुन्याला पॉलिश करून घ्या.

माल कुठून घ्यावा?

खरेदीला जाताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि जुना दिवा सोबत न्या. एकाच नावाच्या गाडीचं मधे कधीतरी रूप बदललेलं असतं आणि दिवे एकमेकांना बसत नाहीत. दिव्याच्या मागच्या स्टिकरवर किंवा प्लास्टिकमध्येच पार्ट नंबर असतो. नुसती ‘काच’ सुटी मिळते का, हे आधी विचारा. ज्या दिव्याच्या काचेचे स्क्रू बाहेरून दिसतात, त्याची बहुधा मिळते आणि अख्ख्या दिव्याच्या मानाने स्वस्त पडते.

- कंपनीचा शिक्का असलेला दिवा. सर्वांत महाग आणि बिनघोर.
- दिवे बनवणाऱ्या कंपनीच्याच डब्यातला. गाडी कंपन्या दिवे स्वतः करत नाहीत. लुमॅक्स, उनो मिंडा, हेला असे उत्पादक ते पुरवतात आणि आपल्या नावानेही सुटे विकतात. जुन्या गाडीसाठी माझी पसंती यालाच.
- लोकल. मागच्या दिव्यासाठी चालून जातो, पण घेण्याआधी रंग जुन्याशेजारी धरून पाहा. हेडलाइट लोकल घेऊ नका. त्याचा झोत धड रस्त्यावर पडत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.
- जुना बाजार. भंगारात गेलेल्या गाडीचा मूळ दिवा लोकलपेक्षा कधीकधी चांगला निघतो. कान मोजा, मुलामा पाहा, आत टॉर्च मारा. बिल किंवा निदान दुकानाच्या शिक्क्याची पावती घ्या. पावती देत नसेल तर माल कुठून आला, याची शंका घ्यायला हरकत नाही.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड या सुट्या भागांच्या जुन्या बाजारपेठा. बंद पडलेल्या गाड्यांच्या मालकांना या बाजारांचाच आधार आहे, पण सगळ्यांची अडचण सारखी नाही. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी गाड्या इतक्या खपल्या होत्या की तिचे दिवे अजून मुबलक आहेत. इंडिका आणि जुन्या सँट्रोचंही तसंच. शेवरोलेने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली. तळेगावात बनलेली बीट किंवा स्पार्क तुमच्याकडे असेल, तर चांगल्या अवस्थेतला दिवा दिसला की गरज नसतानाही एक घेऊन माळ्यावर ठेवा.

परदेशातून ऑनलाइन मागवताना एक सापळा आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून आपल्या डिपरचा झोत डावीकडे जरा उचललेला असतो. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशातला हेडलाइट इथे बसवलात, तर तो थेट समोरून येणाऱ्यावर पडेल.

बसवल्यावर झोत जुळवा

हे काम गॅरेजवाला विसरतो आणि आपण विचारत नाही. जुना दिवा काढण्याआधीच गाडी सपाट जागी, भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर, डॅशबोर्डवरची उंचीची चकती शून्यावर, चालकाच्या जागी माणूस. डिपर लावून भिंतीवर उजेडाची वरची कड जिथे संपते तिथे टेपच्या पट्ट्या चिकटवा. नवा दिवा त्याच पट्टीवर आणा. जुनी खूण नसेल तर साधा हिशेब: पाच मीटरवर ही कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण पाच सेंटिमीटर खाली हवी. दिव्यामागच्या स्क्रूने ती वर-खाली होते.

हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका, हाताचं तेल तिथे तापून बल्ब लवकर जातो. आणि नव्या दिव्याच्या इंडिकेटरची काच पारदर्शक असेल, तर आत नारिंगी बल्बच हवा.

पोलीस आणि पासिंग

नियम तड्याची लांबी मोजत नाहीत. उजेड किती दुरून दिसतो आणि कोणत्या रंगाचा आहे, ते पाहतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०५ प्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. नियम १०८ प्रमाणे पुढे लाल आणि मागे लालखेरीज दुसरा उजेड चालत नाही. इंडिकेटर, रिव्हर्स लाइट, नंबर प्लेटचा दिवा अशा गोष्टी त्याला अपवाद. म्हणजे फुटक्या काचेतून पांढरा उजेड गळत असेल, तर हटकणाऱ्या पोलिसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली सर्वसाधारण दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत आहे.

उलट, काच नुसती तडकलेली आहे, रंग बरोबर आहे, उजेड पुरेसा आहे, तर तसं नम्रपणे दाखवा. दिवा लावून दाखवता येतो, ब्रेक दाबून दाखवता येतो. तरीही चलन झालं, तर त्याच वेळी दिवे लावलेल्या अवस्थेतला फोटो काढून ठेवा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन ॲपवर तक्रार नोंदवण्याची सोय आहे, तिथे तो उपयोगी पडेल.

पासिंगची गोष्ट निराळी. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, नंतर ५-५ वर्षांनी नूतनीकरण. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत. महाराष्ट्रात याच वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहतात तेव्हा दिवे त्यांच्या नजरेत सर्वांत आधी येतात. टेपने भागवलेला दिवा पास होईलही, पण होईलच असं मी म्हणणार नाही. फुटक्या दिव्यापायी दुसऱ्यांदा रजा काढून आरटीओत जाण्यापेक्षा एवढ्यासाठी तरी दिवा बदलून जा.

विमा मागण्याआधी वहीवर गणित मांडा

तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या दिव्याचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक पॉलिसी असली तरी प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. खऱ्या काचेवर घसारा नाही, पण आपली ‘काच’ प्लास्टिकची आहे हे वर पाहिलंच. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर दाव्यामागे १,००० रुपये स्वतः सोसावे लागतात, त्याहून मोठ्या इंजिनाला २,०००.

समजा दिवा ३,००० रुपयांचा आहे. घसारा गेला, राहिले १,५००. त्यातून १,००० वजा. हातात ५०० रुपये. आणि या ५०० पायी साठत आलेला नो क्लेम बोनस, जो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत पोचतो, पुढच्या नूतनीकरणाला शून्य होतो. एकट्या दिव्यासाठी दावा करणं जुन्या गाडीला जवळजवळ कधीच परवडत नाही. बंपर, बॉनेट, दिवा असं सगळं एकदम गेलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी कंपनीला कळवा, सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय काही उघडू नका.

मालवाहू टेम्पो असेल तर आणखी एक पाहा. व्यापारी वाहनांच्या साध्या पॉलिसीत हेडलाइट आणि इतर दिवे वगळलेले असतात. त्यासाठी ‘आयएमटी २३’ नावाची जोडणी जादा हप्ता भरून घ्यावी लागते. पॉलिसीच्या कागदावर हा आकडा शोधा.

दुकानदार परत घेत नसेल तर

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पाहून गप्प बसू नका. बिलावर मुदत लिहिली नसेल, तर सदोष माल ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही त्यातच मोडतं. मात्र सदोष म्हणजे सदोष. तुम्ही चुकीच्या मॉडेलचा दिवा उचललात, तर तो दुकानदाराच्या मर्जीचा मामला. म्हणून बसवण्याआधी दुकानातच खोक्यातून काढा, बल्ब लावून पाहा, कान तपासा. ऑनलाइन मागवला असेल तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पुढे जायचं ठरलं तर राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

एक शेवटचं. नवा दिवा बसून, झोत जुळून, एक पाऊस अंगावर घेऊन होईपर्यंत जुना फेकू नका. नव्या खोक्यात बऱ्याचदा होल्डर, रबरी गॅस्केट आणि क्लिपा नसतात. त्या जुन्याच दिव्यावरून काढाव्या लागतात.